तोंड काळं आलंय माझं

गेल्या आठवड्यात आमच्या अकाउंट्समधे एक नवीन मुलगी जॉइन झाली. तिने डबा खाताना विचारलं, मॅडम तुम्ही फोटो काढता म्हणे, पण तुम्हाला वेळ कधी मिळतो? मी म्हणलं मिळतच नाही गं. तिला वाटलं मी टाळतेय. पण खरंच नाही मिळत. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी (ही दोन्ही जीएसटीची रिटर्न्स), मार्च एंडिंगचं तर नावच नको, घरी आठवीतला मुलगा, सासूबाईंची शुगर, आणि डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन येऊन रोजचे अडीच तास. ह्या सगळ्यात फोटोग्राफी कुठे बसते? तर ती बसते माझ्या चालण्यात. उत्तर एवढंच आहे पण पोळीचा घास तोंडात असताना ते नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

कसंय, सीएसएमटीला उतरून ऑफिसला पोचायला मला बारा मिनिटं लागतात. सगळं जग जातं तसं सबवेतून भसाभस जायचं आणि पंच करायचं. मी काय केलं, माझी नेहमीची आठची लोकल सोडली आणि साडेसातच्या आसपासची धरली. ती जरा कमी भरलेली असते (जरा म्हणजे किती ते डोंबिवलीकरांना कळेल) आणि वर अर्धा तास हातात पडतो. मग बारा मिनिटांचा रस्ता चाळीस मिनिटांत चालायचा. बस, हाच छंद. सासूबाईंना अजून वाटतं की आमच्या ऑफिसची वेळ बदलली. नवऱ्याला माहितीये, तो काही बोलत नाही, फक्त एकदा म्हणाला की तेवढ्या अर्ध्या तासात झोपली असतीस तर. ते पण खरंच आहे म्हणा.

कॅमेरा घेतला २०१९ च्या दिवाळी बोनसमधून, बोरा बाजारातून, सेकंडहँड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फोर्टातली बोरा बाजार स्ट्रीट म्हणजे कॅमेऱ्यांची गल्ली, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एकेका दुकानात दहा बाय दहाच्या जागेत काचेच्या कपाटांत लेन्सा मांडलेल्या आणि माळ्यावर चढलेला पोरगा वरून खोके खाली टाकतोय. मी तिथून दोन वर्ष रोज जात होते, आत जायची हिंमत होत नव्हती, कारण काय विचारायचं हेच माहीत नव्हतं. शेवटी गेले तर दुकानदाराने शटर काउंट (कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो आकडा) लॅपटॉपवर काढून दाखवला, बावीस हजार काहीतरी, आणि म्हणाला मॅडम गाडीच्या भाषेत सांगतो, आत्ता कुठे पहिली सर्व्हिसिंग झालीये. सोबत १८-५५ ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळते ती साधी लेन्स. त्या किट लेन्सला यूट्यूबवरची पोरं फार नावं ठेवतात, पहिला सल्ला काय तर किट लेन्स विका आणि पन्नास एमएम एफ १.८ घ्या म्हणजे मागचं सगळं छान धुरकट होतं. मी पण घेणार होते. तेवढ्यात मुलाच्या क्लासची फी भरायची वेळ आली.

आणि बरंच झालं म्हणायचं. रस्त्यावर मागचं धुरकट करून करायचंय काय, मागे तर सगळं शहर आहे! हळूहळू कळलं की ह्याच स्वस्तातल्या लेन्सवर एक भारी सोय आहे. १८ ला ठेवायची (म्हणजे सगळ्यात रुंद दिसतं), एफ ८ करायचं (म्हणजे लेन्सचं भोक बारीक), ऑटोफोकस बंद, आणि फोकस दोन मीटरवर लावून सोडून द्यायचा. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी साइजचा आहे, त्यावर एवढं केलं की साधारण एक मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं पुरेसं शार्प येतं. फोकस करायची भानगडच संपली. डोळ्याला लावायची पण गरज नाही, पोटाशी धरला तरी चालतं. दोन मीटर म्हणजे किती हे कळायला मी घरातल्या दिवाणाची लांबी डोक्यात बसवली, दिवाणाच्या त्या टोकाला माणूस आला की दाबायचं. शटर एक पाचशेवर (सेकंदाचा पाचशेवा भाग), आयएसओ (उजेड किती पकडायचा ते) ऑटो. हे सेटिंग मी गेल्या तीन वर्षांत बदललेलं नाही, आणि फोटो जेपेगच काढते, रॉ (नंतर लॅपटॉपवर नीट करावी लागते ती फाइल) नाही, कारण रात्री अकराला लॅपटॉप उघडून सावल्या उजळत बसायचे दिवस माझ्या नशिबात तरी मुलाच्या दहावीनंतरच येतील.

मधे कॅमेरा जवळपास मेला होता, ते पण सांगते. मार्च २०२० मधे लोकल बंद झाल्या तेव्हा मी त्याला त्याच्या त्या फोमच्या बॅगेत घालून कपाटात साड्यांच्या मागे ठेवला, जपून, प्रेमाने. तो सगळा पावसाळा तो तिथेच. मग ऑक्टोबरात बायकांना लोकल उघडली, सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर, आठवतंय ना, तेव्हा ऑफिसला जायचं म्हणून काढला तर लेन्समधे आत कोळ्याचं जाळं! पुसतेय पुसतेय, जाईना. बोरा बाजारातल्या रिपेअरवाल्याने लेन्स उजेडाकडे धरली आणि नुसतं म्हणाला, फंगस. वर म्हणाला, बॅगेत ठेवला होता ना? बॅगेत ठेवतात सगळे आणि बॅगच मारते, फोम ओल धरतो. मुंबईच्या हवेत पावसाळ्यात आर्द्रता ऐंशीच्या वर असते आणि बुरशीला अंधार आणि बंद हवा दिली की झालं, काचेवरच्या कोटिंगवरच बसते ती. खोलून साफ केली त्याने, एका कडेला अजून बारीक नक्षी आहे, उन्हाच्या दिशेने फोटो काढला की दिसते. तेव्हापासून कॅमेरा राहतो स्वयंपाकघरात, रव्याच्या शेजारच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. निळ्या रंगाचं जेल असतं, ओल पिऊन गुलाबी झालं की मी ते एका जुन्या तव्यावर मंद आचेवर भाजते, परत निळं होतं. तो तवा आता जेलसाठीच, त्यावर पोळी करत नाही, ते रसायन पोटात जायचं नाही. सासूबाई एकदा म्हणाल्या, हे कसलं तिखट करतेस?

आता त्या बारा मिनिटांच्या रस्त्याबद्दल. लोकांना वाटतं रोज तोच रस्ता, कंटाळा येत नाही का. मला उलट रविवारी मुद्दाम कुठेतरी फोटो काढायला गेलं की काही सुचत नाही. रोजच्या रस्त्याचं काय होतं की त्याचं वेळापत्रक तुम्हाला पाठ होतं, जसं लोकलचं होतं. फोर्टात लांबच लांब गल्ल्या आहेत उत्तर-दक्षिण आणि त्यांना छेदणाऱ्या आखूड आडव्या गल्ल्या. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, म्हणजे मी साडेआठ-पावणेनऊला पोचते तेव्हा ऊन अजून तिरकं असतं आणि ते ह्या आडव्या गल्ल्यांतून आत घुसतं, मोठ्या गल्लीवर उन्हाचे पट्टे पडतात, एक पट्टा, मग अंधार, मग परत पट्टा. हमाल हातगाड्या ओढत त्यातून जातात. तुम्ही फक्त पट्ट्याच्या पलीकडे अंधारात उभं राहायचं, उन्हाचं माप घ्यायचं, सावली काळी पडली तर पडू द्यायची, आणि कोण येतंय त्याची वाट बघायची. पेपरवाला, टाय हातात घेऊन धावणारा ट्रेनी, डोक्यावर खोक्यांचा मनोरा घेतलेला माणूस ज्याचं फक्त कपाळ उन्हात आणि बाकी काहीच नाही. मला वाटतं माझे निम्मे बरे फोटो त्या एका पट्ट्यातले आहेत. फेब्रुवारी संपता संपता पट्टे आखूड होतात आणि एप्रिलमधे गेलेले असतात. तोवर मार्च एंडिंग पण झालेलं असतं, त्यामुळे एक महिना बघायचा राहूनच जातो दरवर्षी.

मे महिन्यात वेगळीच गंमत. मुंबई कर्कवृत्ताच्या खाली असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, साधारण १५-१६ मे आणि परत २७-२८ जुलै, मे मधे दुपारी साडेबाराच्या पुढे पाचेक मिनिटांनी, जुलैत पंधराएक मिनिटांनी. म्हणजे आमचा लंच टाइम! त्या दिवशी उभ्या खांबाला सावलीच नसते. मी दोन वर्ष डबा पाच मिनिटांत गिळून बॅलार्ड इस्टेटला पळाले, फुटपाथच्या कडेचे ते लोखंडी बुटके खांब आहेत ना त्यांचे फोटो काढायला. दिसायला फोटो अगदीच विचित्र येतो, खांब जमिनीवर ठेवलाय की चिकटवलाय असं वाटतं, पाण्याची बाटली तर तरंगतेय असं. फोटो म्हणून टाकाऊ, पण मला फार आवडतो. जुलैची तारीख आजवर जमली नाही, ढगच असतात.

बॅलार्ड इस्टेट तशी माझी लाडकी. गेटवे ऑफ इंडियावाल्या जॉर्ज विटेटने आखलेला भाग, सगळ्या बिल्डिंगा एका उंचीच्या, फुटपाथ रुंद, झाडं, आणि फोर्टाच्या मानाने माणसं कमी. शांत आहे म्हणून ऑफिसची माणसं तिथे लंचनंतर चालायला येतात. त्यांचे फोटो काढते मी, गळ्यात आयकार्ड, तोंडात बडीशेप, फोनवर कोणालातरी ‘बघतो मी, बघतो मी’ म्हणत गोल गोल फिरणारी माणसं. सीएसएमटीचे मात्र मी फार काढत नाही. १८८८ मधे पूर्ण झालं, २००४ मधे युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि त्याचा दर्शनी भाग पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे संध्याकाळचं पिवळं ऊन त्याच्यावर असं काही पडतं की कोणीही कशानेही काढला तरी फोटो छानच येतो. मग मी काढून त्यात माझं काय? शिवाय संध्याकाळी ६.३७ असते माझी. महिन्यातून एखाद वेळेस मान वर करून बघते तेवढंच.

पावसात एकच लक्षात ठेवायचं, एसी ऑफिसातून बाहेर काढलेला कॅमेरा लगेच वापरता येत नाही, काचेवर वाफ धरते. दहा मिनिटं थांबायचं. त्या दहा मिनिटांत चहा होतो.

बाई कॅमेरा घेऊन उभी राहिली की काय होतं हे एकदा सांगायलाच पाहिजे. पुरुष उभा राहिला तर वॉचमन विचारतो ‘परमिशन आहे का’. बाई उभी राहिली तर आधी विचारतात, कुठल्या चॅनलच्या? मी म्हणते चॅनल नाही, छंद आहे. मग पुढचा प्रश्न, मग कुठल्या पेपरात येणार? कुठेच नाही. मग कशाला काढता? इथे माझी बोलती बंद होते. एक पानवाला काका तर वर्षभर मला महानगरपालिकेची समजत होता, मी आले की पाट्या आत ओढायचा. माझा नियम साधा आहे, कोणी हात केला की कॅमेरा खाली, कोणी म्हणलं डिलीट करा तर त्यांच्यासमोर डिलीट, वाद नाही. आणि लेडीज डब्यात चेहरे नाही. तिथे बायका दमून तोंड उघडं टाकून झोपलेल्या असतात, तेवढी एक जागा आहे त्यांना. तिथे मी काढलेच तर हात काढते, वरच्या कडीला धरलेले हात, भाजी निवडणारे हात, मेंदी, बँडेज, घड्याळं. ते पण शेजारणीला विचारून.

क्रॉफर्ड मार्केटकडून येताना जे.जे. स्कूल ऑफ आर्टचं आवार दिसतं तेव्हा मला दर वेळी होमाई व्यारावाला आठवतात. जे.जे.मधे शिकल्या त्या, आणि देशातल्या पहिल्या बाई प्रेस फोटोग्राफर. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावावर छापले जायचे, माणेकशांच्या, आणि मला ज्याचं फार हसू येतं ते म्हणजे माणेकशा टाइम्स ऑफ इंडियात अकाउंटंट होते आणि फोटोपण काढायचे. म्हणजे आमचं अकाउंट्स डिपार्टमेंट आणि फोटोग्राफी ह्यांचं नातं जुनं आहे. पुढे त्या ‘डालडा १३’ नावानेही ओळखल्या जायच्या. साडी नेसून तो अवजड कॅमेरा घेऊन नेहरूंच्या आगेमागे पळायच्या, आणि इथे मला अर्धा किलोच्या कॅमेऱ्याने खांदा दुखतो.

फोटोवॉकला (सगळ्यांनी मिळून फोटो काढत फिरायचं) पण जाऊन बघितलं, दोनदा. तीस जण एका धोब्याभोवती. सगळ्यांच्या लेन्सा त्याच्यावर, आणि तो बिचारा कपडे आपटतोय, थांबला की कोणीतरी म्हणतंय ‘भैया फिरसे’. घरी येऊन ग्रुपवर बघितलं तर तीस फोटो सारखेच, वीस ब्लॅक अँड व्हाइट. म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या ब्लॅक अँड व्हाइट केल्या की लोकांना त्यात खोली दिसते. मला तिथे फक्त कॉन्ट्रास्ट वाढवलेला दिसतो. असो, एक दोन चांगल्या मैत्रिणी मिळाल्या तिथे, त्यामुळे फार बोलत नाही.

२०२३ मधे दोन गोष्टी पाठोपाठ गेल्या. सप्टेंबरात जुन्या डिझेलच्या लाल डबलडेकर बंद झाल्या, शेवटची ४१५ नंबरच्या रूटवर अंधेरीला फुगे आणि हार लावून निघाली, आणि दीड महिन्याने प्रीमियर पद्मिनी टॅक्स्यांची वीस वर्षांची मुदत संपली, शेवटची २००३ च्या ऑक्टोबरातली होती. तेव्हा सगळे आपापले फोटो टाकायला लागले म्हणून मी पण हार्डडिस्क उघडली. चार वर्षांत अठ्ठावीस हजार फोटो आणि पद्मिनीचा एक धड फोटो नाही! कारण मी कधी टॅक्सीचा काढलाच नाही, मी उन्हाचा काढत होते, माणसाचा काढत होते, टॅक्सी मधे आली तर वैतागून बाजूला सरकत होते. पण नीट बघितलं तर ती आहे सगळीकडे. कडेला अर्धं बॉनेट, कोणाच्या तरी कोपराच्या मागे पिवळं टप, आरशात लटकवलेली लिंबू-मिरची, एका दुकानाच्या काचेत उलटी. मी दोन रात्री बसून सगळ्या अर्ध्या टॅक्स्या वेगळ्या काढल्या, तीनशेच्या वर निघाल्या. त्यांचं एक फोल्डर आहे आता, ‘अर्ध्या’ नावाचं.

फोटोवाल्यांच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी व्हिव्हियन मायरची गोष्ट टाकतं. शिकागोत लोकांची मुलं सांभाळायची ती, आणि सुट्टीत, कामावर असताना पोरांना घेऊन फिरायची आणि फोटो काढायची. लाखाच्या वर निगेटिव्ह, कोणाला दाखवले नाहीत, कित्येक रोल तर धुतलेच नाहीत. २००७ मधे सापडले आणि २००९ मधे ती गेली, प्रसिद्धी तिला कळलीच नाही. लोक त्यावर बदामाचे इमोजी टाकतात. माझ्यातल्या अकाउंटंटच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट अडकून बसते, की तिने सामान ठेवायला जागा भाड्याने घेतली होती, भाडं थकलं आणि सगळं लिलावात गेलं म्हणून सापडलं. ते वाचून मी ठरवलं की महिन्याला दहा तरी फोटो प्रिंट करायचेच. स्टेशनजवळच्या लॅबमधे, चार बाय सहाचे. पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवते. आणि त्यातूनच मग प्रिंट ज्याचा त्याला नेऊन द्यायची सवय लागली. पानवाल्या काकाला दिला तेव्हा त्याला कळलं की मी पालिकेची नाही.

तर आता मावशींची गोष्ट.

दोन-तीन महिन्यांतून एकदा, शक्यतो सणाच्या आदल्या दिवशी, मी अजून लवकरची गाडी पकडून दादरला उतरते, फुलबाजारात. डबे आदल्या रात्रीच अर्धे करून ठेवायचे. सहा-सव्वासहाला दादर पश्चिमेला ब्रिजवरून खाली उतरलं की आधी वास येतो, झेंडूचा तो कडवट वास आणि खाली तुडवलेल्या देठांचा ओला वास, मग आवाज, आणि मग दिसतं. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिथे एक मावशी दिसल्या, सफाळ्याच्या, पहाटेच्या गाडीने आपट्याची पानं आणि झेंडू घेऊन आलेल्या. वर बांबूला एकच एलईडी बल्ब लोंबकळत होता, त्या दोन्ही हातांनी खालचा झेंडू वर आणत होत्या, ओला झालेला माल खाली दबून काळा पडू नये म्हणून, ओंजळ भरून वर उडवायची आणि पडू द्यायची. मी सेटिंग वगैरे काही न बघता दाबलं. फोटोत तीन-चार झेंडू हवेत, त्यांना बल्बचा उजेड, मावशींचा अर्धा चेहरा अंधारात, फक्त नाकातली मोरणी चमकतेय आणि मागे चहावाल्याची वाफ. तो त्या वर्षाचा माझा सगळ्यात चांगला फोटो. अजूनही मला तो बघितला की छातीत काहीतरी होतं, खोटं कशाला बोलू. ग्रुपवर टाकला तर ज्या सरांनी आजवर माझ्या फोटोवर अंगठा पण दिला नव्हता त्यांनी ‘वाह’ लिहिलं.

हा मी मोठा काढला, सहा बाय आठ, मॅट पेपरवर, आणि दिवाळीच्या आधी मावशींना शोधत गेले. सापडल्या. हात पदराला पुसले, फोटो घेतला, बल्बखाली धरला, जवळ नेला, लांब नेला.

“हे कोण गं?”

“तुम्हीच आहात मावशी. दसऱ्याला काढला होता बघा.”

परत बघितला. मग म्हणाल्या, “तोंड काळं आलंय माझं.”

मी म्हणलं मावशी तो उजेड तसा आहे, अर्धा अंधार, अर्धा... त्या ऐकत नव्हत्या. “आणि माल कुठाय? माल अर्धा कापलास. एवढा ढीग होता माझा, सत्तर किलो, हे बघ, टोपलीभर वाटतंय.” शेजारचा शेवंतीवाला मान लांब करून बघायला आला. त्याला दाखवून म्हणाल्या, “हे बघ रे, फुलं फेकताना काढलंय. लोक म्हणतील बाई माल फेकते.”

तो हसायला लागला, मी पण हसले, आतून मात्र जरा लागलं. मग मावशींनीच तोडगा काढला. म्हणाल्या आता नको, आता दिवाळीची घाई आहे, मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी ये, तेव्हा माल बघ माझा. तेव्हा चांगला काढ.

गेले. त्या दिवशी ऑफिसात माझं एक व्हेंडर रिकन्सिलिएशन (माल पुरवणाऱ्याच्या हिशेबाचा ताळमेळ) द्यायचं होतं तरी गेले. मावशी तयार होत्या, खरंच तयार, पोपटी साडी, लाल काठ, केसांत अबोलीचा वळेसर, गळ्यात मोठं मंगळसूत्र वर काढून ठेवलेलं. माल मांडून ठेवलेला, डावीकडे झेंडू दोन रंगांचा, उजवीकडे शेवंती, मधे गुरुवारच्या पूजेच्या पानांच्या जुड्या ओळीने, पुढे तराजू पुसून. मुलाला सांगितलं मोबाईलची बॅटरी मार. त्याने मारली, थेट तोंडावर. बल्बचा सगळा मऊ उजेड मेला, मागचा बाजार काळा ठिक्कर, सावली कुठेच नाही, एखाद्या आधार कार्डासारखं. मी म्हणलं बॅटरी नसली तरी चालेल. मावशी म्हणाल्या, असू दे, परत काळं येईल. मग ताठ बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ मिटून. मी म्हणलं हसा की थोडं. “दात नको फोटोत.” तीन काढले. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

ते तीन फोटो मी घरी आणून बघितले तर त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे मला. ढीग पूर्ण, माणूस मधोमध, उजेड सपाट. मावशींनी जाताना सांगितलं होतं लॅमिनेशन करून आण, इथे पाणी उडतं, म्हणून आठ बाय दहा काढून लॅमिनेट करून पुढच्या गुरुवारी नेला. ह्या वेळी त्यांनी पदराला हात दोनदा पुसले. बोट ठेवून ठेवून बघितलं, झेंडू, शेवंती, जुड्या, तराजू, जणू माल मोजून घेतायत. मग शेवंतीवाल्याला हाक मारली आणि म्हणाल्या, “आता कसं.” पैसे विचारले, मी नको म्हणलं, तर पिशवीत पाऊण किलो शेवंती कोंबली, ऐकायलाच तयार नाहीत. ती पिशवी घेऊन मी सीएसएमटीपर्यंत उभ्याने, आणि दिवसभर अकाउंट्स डिपार्टमेंटला देवळाचा वास.

परवा गणपतीच्या आधी गेले होते. मावशींचा तो फोटो सुतळीने बांबूला बांधलाय, बल्बच्या बरोब्बर खाली, आणि लॅमिनेशनवर मुलाने स्केच पेनने लिहिलंय, तोरण ऑर्डरप्रमाणे मिळेल, खाली मोबाईल नंबर. मी विचारलं मावशी तो पहिला होता तो कुठाय, फुलं उडवतानाचा? त्यांना आधी आठवेना. मग त्यांनी सुट्ट्या पैशांचा डबा उचलला, फोटो डब्याखाली होता, चौकोनी घडी घालून. डब्याचा तळ गंजू नये म्हणून.